‘सगळ्यात जाड स्वे बार टाका’ : या सल्ल्यातलं काय टिकतं?

जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांत एक सल्ला फिरतो : पुढे-मागे मिळेल तो सगळ्यात जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडून वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) टाका, गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळा, अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याला, हात लावू नका.

आधी जाडीचं बघू. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे 19 मिमीच्या जागी 22 मिमी घातला की तो सुमारे 1.8 पट! शिवाय वळणावर बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार, हे बार ठरवत नाही. तो भार पुढच्या आणि मागच्या जोडीत कसा वाटायचा, एवढंच त्याच्या हातात. पुढचा अती ताठ केला तर नाक वळणाबाहेर पळतं. मागचा केला तर शेपूट सुटतं, आतलं चाक उचलतं आणि मागची चाकं इंजिनवर फिरणारी असून साधा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) असेल तर तेच चाक रिकामं गरगरतं. एका वेळी एकच बार बदलावा. जुन्या पत्र्याचाही विचार हवाच : पोर्शे 911च्या जुन्या मॉडेलांत मागच्या बारचे वेल्ड केलेले ब्रॅकेट तुटणं नवं नाही.

जॅकवर आवळणं ही खरी घोडचूक. एकच बाजू उचललेली असेल तर बार तिथेच पिळलेला असतो. दोन्ही उचलल्या तरी लिंकचे (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या दांडीचे) रबर बुश, म्हणजे सांध्यातल्या गाद्या, लोंबत्या स्थितीत जखडले जातात, गाडी खाली आली की कायमचा पीळ खातात आणि लवकर फाटतात. म्हणून नट सैल ठेवा, गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करा, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्याइतकं वजन ठेवा आणि बंपर दाबून सस्पेन्शन बसू द्या. एक लिंक जोडा. दुसरीची लांबी अशी जुळवा की बोल्ट बोटानं सरकेल. मगच आवळा. बोल्ट ठोकावा लागला, तर गाडी डावीकडे एक वागणार, उजवीकडे दुसरंच. पॉलियुरेथेन बुशला सिलिकॉन ग्रीस लावा. रबराला साधं ग्रीस नको, ते फुगतं.

अलाइनमेंटचं म्हणणं अर्धं बरोबर. बारमुळे टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) थेट बदलत नाही. पण उंची बदलली किंवा सस्पेन्शनच्या आर्मचे बोल्ट सोडले असतील, तर अलाइनमेंट करावीच लागते. आधी उंची, मग बारची लिंक सुटी करून चारही चाकांवरचं वजन, नंतर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) आणि कॅम्बर, मग टो; लिंक सगळ्यात शेवटी जोडायची. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बार ब्रेक होजला (ब्रेकच्या रबरी नळीला) घासत नाही ना, तेही तपासा.