‘९० दिवसांत गाठ विरघळते’ या दाव्याबद्दल

‘गर्भाशयातली गाठ म्हणजे साचलेली घाण. दूध आणि सोयाबीन कायमचं बंद करा, सकाळी उपाशीपोटी बीटचा रस आणि दिवसभर ग्रीन टी घ्या. ९० दिवसांत गाठ विरघळेल, पिशवी काढावी लागणार नाही.’ हा मजकूर मैत्रिणी एकमेकींना पाठवतात. पाठवणारीच्या मनात काळजीच असते, म्हणून नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आधी घाणीचं. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूतूनच वाढणारी गाठ आहे, आणि ती कर्करोगाची नसते. एका पेशीतल्या बदलापासून ती सुरू होते; बऱ्याच गाठींत तो बदल एमईडी१२ नावाच्या जनुकात सापडतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तिला पोसतात, म्हणूनच पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते. तिच्यात घट्ट तंतू भरलेले असतात. रसाने धुऊन निघेल असं तिथे काही नाही.

मग ‘माझी गाठ खरंच कमी झाली’ म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात का? मुळीच नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एमआरआय काढून गाठी मोजत राहिले, तेव्हा सुमारे ७ टक्के गाठी आपोआपच २० टक्क्यांहून जास्त आक्रसल्या. एकाच बाईच्या दोन गाठींचा वेगही सारखा नव्हता. त्या महिन्यांत कुणी रस पीत असती, तर श्रेय रसालाच गेलं असतं.

दुधाचं तर उलटंच दिसतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात दुधाचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांमध्ये फायब्रॉइडचं निदान कमी झालं. फळं भरपूर खाणाऱ्यांमध्येही कमी. यावरून दूध हे औषध ठरत नाही, पण ते तोडण्याचं कारणही उरत नाही. रोजच्या जेवणातल्या सोयाबीनने गाठ वाढते याला भक्कम पुरावा नाही.

ग्रीन टीच्या दाव्यामागे मात्र थोडं तथ्य आहे. २०१३ मध्ये एका छोट्या चाचणीत ग्रीन टीचा अर्क रोज ८०० मिलिग्रॅम, चार महिने दिला आणि गाठी साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. पण बायका चाळीसहून कमी होत्या, आणि तो अर्क होता, कपातला चहा नव्हे. असे अर्क जास्त मात्रेत यकृताला इजा करू शकतात, म्हणून ते मनाने सुरू करू नयेत.

आणि इथेच माझा जीव खालीवर होतो. दिवसभर, जेवणासोबतसुद्धा चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. जिला दर महिन्याला गुठळ्या पडतात, जिना चढताना दम लागतो, तिने नेमकं हेच करायचं? माझ्या धाकट्या बहिणीने तीन महिने हे पथ्य पाळलं. गाठ होती तेवढीच राहिली, हिमोग्लोबिन ११ वरून ८ वर आलं. १२ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. बीटचा लाल रंग बघून रक्त वाढेल असं वाटतं खरं, पण १०० ग्रॅम बीटमध्ये १ मिलिग्रॅमही लोह नसतं.

आहाराचं खरं काम इथे आहे. डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, चालत असेल तर मांस-मासे. त्याच ताटात लिंबू किंवा संत्रं, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने. वजन फार असेल तर हळूहळू उतरवणंही उपयोगाचं, चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं. तरी रक्त फार उतरलं असेल तर एकट्या जेवणाने ते वेळेत भरून येत नाही. गोळ्या, कधी शिरेतून लोह लागतं.

राहिली पिशवी. त्रास नसेल तर कित्येक गाठींवर नुसती नजर ठेवतात. त्रास असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं आहेत, गाठीचा रक्तपुरवठा बंद करता येतो, नुसती गाठही काढता येते. आतल्या अस्तराकडे आलेली लहानशी गाठही खूप रक्त घालवू शकते, म्हणून सोनोग्राफीत आकारासोबत जागाही विचारा. तासा-तासाला पॅड बदलावं लागत असेल, चक्कर येत असेल, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर ९० दिवस थांबू नका, अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.