सांधण दरी आणि दर दिवाळीनंतर फिरणारा तो मेसेज

दिवाळी आटोपली की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर, आणि आता सोसायट्यांच्या ग्रुपांवरही, सांधण दरीचा एक मेसेज फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण गाभा हा: "आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी! मुंबई-पुण्याहून एका दिवसात आरामात होते. सोपा ट्रेक, लहान मुलांनाही न्या. गाईड लागत नाही, मॅपवर सापडते. पावसाळ्यात तर स्वर्ग. खाली तंबू ठोका, पाणी भरपूर. दुपारी बारालाच आत शिरा, तेव्हाच ऊन येतं." यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत आणि मेसेज चालतो तो त्यांच्याच जोरावर.

आशियातला दुसरा नंबर आधी निकालात काढू. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावालगतची ही घळ साधारण दोन किलोमीटर लांब आणि भिंती कुठे दोनशे, तर कुठे तीनशे-चारशे फुटांच्या. तिबेटातल्या यारलुंग त्सांगपोच्या दरीची कमाल खोली सहा हजार मीटर सांगतात. नेपाळची काली गंडकी धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजारी शिखरांमधून वाहते. हे सोडा, साम्रदहून कोकणातल्या डेहण्यापर्यंतची उतरणच सांधणच्या भिंतींपेक्षा कितीतरी जास्त भरते. हा नंबर कुणी दिला देव जाणे. सांधणचं वैशिष्ट्य तिच्या अरुंदपणात आहे. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्हीकडचा कातळ हाताला लागतो आणि डोक्यावर आकाशाची एक चिरफळी तेवढी उरते. गंमत अशी की याच अरुंदपणामुळे मेसेजमधली पुढची सगळी वाक्यं धोक्याची ठरतात.

"एका दिवसात आरामात, सोपा ट्रेक." यात दोन वेगळे कार्यक्रम एकत्र कालवले आहेत. पहिला कार्यक्रम म्हणजे साम्रदहून घळीत उतरायचं, मोठमोठ्या शिळांवरून आणि डोहांतून पुढे जायचं, पहिला दोराचा टप्पा, म्हणजे दोर लावूनच उतरता येईल असा कडा, आला की थांबायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. काही तासांचं काम आहे. गुडघे धड असतील आणि भिजायची तयारी असेल तर बहुतेकांना जमतं. दुसरा कार्यक्रम म्हणजे दोराने उतरत उतरत घळ पूर्ण करायची, खाली कोकणाच्या बाजूला बाहेर पडायचं आणि मग एकतर डेहणे गाठायचं, नाहीतर करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढायचं.

या दोहोंमधली सीमारेषा म्हणजे तो पहिला, साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांचा टप्पा. शेवटचा माणूस उतरला की दोर खेचून घेतात, कारण पुढच्या टप्प्यांना तोच लागतो. त्या क्षणी मागची वाट बंद होते. बाजूच्या भिंतींतून बाहेर पडायला जागा नाही. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला भीतीने कापरं भरलं, पाणी संपलं, तरी उपाय एकच: खाली उतरत राहणं. साध्या किल्ल्याच्या ट्रेकला "नाही जमलं तर मागे फिरू" हा पर्याय शेवटपर्यंत हाताशी असतो. इथे तो अर्ध्यात संपतो. म्हणून सांधणचं नियोजन या टप्प्यापासून उलटं करत आणायचं: तिथे किती वाजता पोचणार, कोण कोण पुढे जाणार, कोण परत फिरणार आणि परत फिरणाऱ्यांबरोबर वाटेची माहिती असलेलं कोण असणार. लहान मुलांना पहिल्या टप्प्यापर्यंत न्यायचं की नाही हे पाण्यावर ठरतं. दिवाळीनंतर लगेच गेलात तर डोहात मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत, कधी त्याहून वर पाणी असू शकतं. त्यात आठ वर्षांचं पोर काय करणार?

"एका दिवसात" याचा हिशेबही मांडून बघा. मुंबईहून घोटी, शेंडी करत साम्रदला पोचायलाच साडेचार-पाच तास जातात. दोराच्या टप्प्यावर माणशी पाच मिनिटं धरली तर पंचवीस जणांना दोन तास लागतात, तेही एकाच टप्प्यावर, आणि पुढे आणखी लहान टप्पे आहेतच. शनिवार-रविवारी तुमच्या आधी दुसरा ग्रुप दोर लावून बसलेला असला तर त्यांचे दोन तासही तुमचेच.

"पावसाळ्यात स्वर्ग." हे एक वाक्य तरी पुढे पाठवू नका, हात जोडून सांगतो. सांधण ही पाण्याने जायचीच वाट आहे. वरच्या पठारावर पडलेलं पाणी नरसाळ्यासारखं या चिरेत येतं. शेजारचं घाटघर आणि रतनवाडी ही नावं पावसाळ्यात वर्तमानपत्रांतल्या पावसाच्या आकड्यांमध्ये कायम वरच्या रांगेत असतात, म्हणजे केवढं पाणी ते ओळखा. आणि पाऊस तुमच्या डोक्यावरच पडायला हवा असंही नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या अशाच चिंचोळ्या घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून गेले. मुसळधार पाऊस झाला होता तो काही मैल वरच्या अंगाला. रुंद नदीत पाणी पसरतं, चिरेत ते उंच चढतं, आणि चढायला त्याला काही मिनिटं पुरतात.

यात जूनचा पहिला पंधरवडा विशेष फसवा. भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी लोटते आणि "आलोच आहोत तर सांधणही करू" असा जोडकार्यक्रम ठरतो. वळवाची सर नेमकी दुपारनंतर येते, आणि तेव्हा हे लोक घळीत असतात. घळीतून ढग दिसत नाहीत, दिसतं ते चिरफळीएवढं आकाश. थंडीत आणि उन्हाळ्यातही अवकाळीचा इशारा असेल तर बेत रद्द करा. आगाऊ पैसे भरलेत म्हणून जाऊ नका.

"गाईड लागत नाही, मॅपवर सापडते." घळीचं तोंड मॅपवर सापडतं, खरं आहे. आत वाट चुकायला जागाच नाही, तेव्हा मॅपचा उपयोग तिथेच संपतो. आज डोहात पाणी किती, कुठली शिळा हलते, वर कुठल्या कड्याला आग्या मोहोळ आहे, हे साम्रदच्या पोरांना ठाऊक असतं. आत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे निघण्यापूर्वी गावात कुणाला तरी सांगून जायचं की किती जण आहोत, कुठून बाहेर पडणार आणि किती वाजेपर्यंत कळवलं नाही तर शोध सुरू करा. दोराने उतरणार असाल तर आयोजकाला थेट विचारा: हेल्मेट प्रत्येकाला आहे का? उतरणाऱ्याला दुसरा सुरक्षा दोर देता का, की एकाच दोरावर सोडता? साहसी पर्यटनाच्या राज्याच्या २०२१च्या धोरणाप्रमाणे तुमची नोंदणी आहे का? उत्तराऐवजी "टेन्शन घेऊ नका" ऐकू आलं तर दुसरा आयोजक बघा. हेल्मेट पडण्यासाठी कमी आणि वरून येणाऱ्या दगडांसाठी जास्त लागतं. वर माकडंही असतात आणि हौशी माणसंही.

"खाली तंबू ठोका, पाणी भरपूर." हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो. ते १९८६ साली जाहीर झालं. प्रवेशशुल्क आहे, आणि मुक्कामाबद्दल वनविभागाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून परवानगीबद्दल घर सोडण्यापूर्वीच विचारायचं. शेकोटीची लाकडं तोडायची नाहीत हे वेगळं सांगायला लागू नये. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकू नका. पाणी जानेवारीत जिथे मिळतं तिथे एप्रिलमध्ये मिळेलच असं नाही, आणि साचलेल्या डोहात आदल्या चार ग्रुपांनी पाय धुतलेले असतात. माणशी तीन लिटर साम्रदहूनच घ्या.

राहिलं दुपारी बाराचं. ऊन घळीच्या तळापर्यंत माध्यान्हीच्या आसपासच थोडा वेळ उतरतं, फोटो तेव्हाच चांगले येतात, हे बरोबर. पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरणार असाल तर अकरा-बाराला उतरायला हरकत नाही. पण पूर्ण घळ उतरायची असेल आणि बारालाच आत शिरलात, तर दोरापाशी दोन वाजतात आणि शेवटच्या शिळा उतरताना डिसेंबरातला अंधार गाठतो. पूर्ण घळ उतरणाऱ्यांनी सकाळी सातला साम्रद सोडावं. त्यासाठी आदल्या रात्री गावातच मुक्काम करावा लागतो. जेवण घरगुती मिळतं, भाकरी गरम असते.