वाळत घातलेला ईमेल

चादरीचे ४५० रुपये मी अजून दिलेले नाहीत आणि देणारही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल.

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा) डायपोल, म्हणजे माझ्या हौशी रेडिओचा अँटेना लावलाय. पाण्याच्या टाकीवर एक पाइप, पाइपाच्या डोक्यावर बॅलन (रेडिओची केबल तारांना जोडणारी डबी), आणि तिथून दोन बाजूंना उतरत गेलेल्या तांब्याच्या दोन उघड्या तारा. तारेची लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, हे गणित प्रत्येक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, झोपेतही येतं. ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण २० मीटरच्या किंचित वर, म्हणजे एकेक बाजू १० मीटर. गच्चीला तेवढी लांबी कुठली? त्यामुळे टोकं खाली कठड्याकडे ओढावी लागतात. आणि ती येऊन थांबतात ती नेमकी बाईमाणसाचा हात आरामात पोचेल अशा उंचीवर.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा हात पोचला. त्यांनी तिथे सोलापुरी चादर वाळत घातली. डबल बेडची. नीट न पिळलेली.

खाली लॅपटॉपवर तेव्हा विनलिंक चालू होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विनलिंक म्हणजे रेडिओवरून ईमेल. विनलिंक एक्स्प्रेसमध्ये पत्र लिहायचं, आउटबॉक्सला टाकायचं, ‘व्हारा एचएफ’चं (अक्षरांचे सूर करणाऱ्या सॉफ्टवेअर मोडेमचं) सेशन उघडायचं, यादीतून गेटवे निवडायचा आणि स्टार्ट दाबायचं. लॅपटॉपचं साउंड कार्ड अक्षरांचे सूर करतं, रेडिओ ते हवेत सोडतो, पलीकडचा गेटवे ते उचलून इंटरनेटवर चढवतो. गेटवेसुद्धा नको असेल तर एका हॅमकडून थेट दुसऱ्या हॅमकडे पीअर-टू-पीअर जातं. मग इंटरनेटचा कुठेच संबंध येत नाही.

डायपोलच्या मध्यावर करंट जास्त, टोकांना व्होल्टेज जास्त. ओलं सुती कापड टोकावर पडलं की तारेचा सूर बिघडतो, म्हणजे तिची रेझोनन्सची फ्रीक्वेन्सी खाली घसरते, आणि उरलीसुरली शक्ती पाणी तापवण्यात जाते. वजनाने तार झोळते ते वेगळंच. १.३ वर असलेला एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळतो त्याचं माप, एक म्हणजे उत्तम) तीनच्या पलीकडे गेला, रेडिओने जीव वाचवायला आपली पॉवर आपणच कमी केली. मोडेमला यातलं काही कळत नाही. पलीकडून पोच येत नाही एवढंच त्याला दिसतं, म्हणून तोच तुकडा पुन्हा पाठव, वेग एक पायरी उतर, पुन्हा पाठव, असं करत शेवटी सेशन तुटतं. खुर्चीत बसलेला माणूस यूएसबी केबलवर संशय घेतो, मग कॉम पोर्टवर, मग विंडोजच्या अपडेटवर. कुठल्याही मॅन्युअलमध्ये ‘चादर तपासा’ असं लिहिलेलं नाही.

गच्चीवर झालेला संवाद जसाच्या तसा देतो.

“काकू, ही तार कपड्यांची नाही.”

“मग कशाची ओ?”

“रेडिओची. हिच्यावरून ईमेल जातो.”

काकूंनी तार चिमटीत धरून पाहिली. “हितं तर काहीच दिसंना.”

“तो हवेतून जातो.”

“हवेतून जातो तर जाऊ दे की. चादर तारेवर हाय, ईमेल हवेत हाय. कोण कुणाला आडवं येतंय?”

बिनतोड. मी विज्ञान सोडून भीतीवर आलो. “काकू, पाठवणं चालू असताना टोकाला काहीशे व्होल्ट असतात. हात लागला तर भाजतं.”

“म्हंजे चादर लवकर वाळंल की.”

मग त्यांनी बादली खाली ठेवली. ही चांगली खूण नसते. “बरं दादा, आमचा पण एक पाठवा की. हैदराबादला गिऱ्हाईक हाय. शेंगाचटणी पाच किलो, कडक भाकरी शंभर, पैसे आधी टाका म्हणावं.”

“धंद्याचे निरोप चालत नाहीत यावर. हौशी रेडिओ आहे हा.”

“बरं, ऱ्हाऊ द्या. पोरीला लिवा पुण्याला. गड्ड्याच्या जत्रेला या म्हणावं, पोरांना घेऊन.”

“तेही नाही. लायसन नसलेल्या तिसऱ्या माणसाचे निरोप आपत्तीतच पाठवता येतात.”

“सासूबाई आल्यात म्हणून लिवा.”

“ती आपत्ती होत नाही काकू.”

“तुम्हाला काय म्हाईत?”

थोडा वेळ गेला. मग आवाज खाली आणून: “जावेचं एक सांगायचं होतं. गुपचूप जातं का?”

“गुपचूप तर अजिबात नाही. अर्थ लपवायला कुलूप घालून मजकूर पाठवायचा नाही, जगभरचा नियम आहे. योग्य सामग्री असली तर कुणीही वाचू शकतो.”

काकूंनी बोटं मोडून हिशेब केला. “म्हंजे धंद्याचं नाही, घरचं नाही, गुपित नाही. मग दिवसभर खाली बसून करलालाव तरी काय?”

“सिग्नल कुठवर जातो ते बघतो. जपानहून रिपोर्ट आलाय.”

“किती आला?”

“उणे बारा.”

काकूंच्या चेहऱ्यावर एकदम माया दाटून आली. “उणे? नापास झालाव की ओ!”

तो रिपोर्ट एफटी८चा, म्हणजे अगदी क्षीण सिग्नलवर छोटे संदेश पोचवणाऱ्या दुसऱ्या पद्धतीचा होता, विनलिंकचा नव्हे, आणि एफटी८मध्ये उणे १२ म्हणजे चांगले मार्क आहेत. साधारण उणे २० डेसिबलपर्यंत तो संदेश उलगडतो. कानाला नुसती खरखर ऐकू येते आणि पडद्यावर सुबक अक्षरं उमटतात. ही पद्धत २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणली. टेलर म्हणजे ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते. त्यांच्या गणितावर आमच्या गच्चीत ‘नापास’ असा शेरा पडला. खरं तर काकूंचा मुद्दा अगदीच चूक नाही. १५ सेकंदांची एक पाळी, तीत मोकळा मजकूर अवघा १३ अक्षरांचा, आणि लॅपटॉपचं घड्याळ सेकंदभर इकडेतिकडे झालं की सगळं मुसळ केरात. नेट नसेल तेव्हा घड्याळ लावायला यूएसबीचा जीपीएस जवळ ठेवावा लागतो. गप्पा मारायच्या तर त्याच धाटणीचं जेएस८कॉल बरं: अक्षरांची मर्यादा नाही, आणि समोरचा जागेवर नसला तर तिसऱ्याच स्टेशनवर निरोप ठेवता येतो. घड्याळाची कटकट तिथेही आहेच. विनलिंकला ती नाही.

विनलिंकच्या कटकटी वेगळ्या. ४० मीटरवर बोलणं लोअर साइडबँडवर (सिग्नलच्या खालच्या बाजूवर) चालतं, म्हणून सवयीने रेडिओ तिथेच राहतो. डेटा मात्र अप्परवर. गेटवेच्या यादीतली फ्रीक्वेन्सी मधली असते, रेडिओच्या डायलवर तिच्यापेक्षा दीड किलोहर्ट्झ कमी लावायची. साउंडचा आवाज वाढवला की सिग्नल जोरकस होतो असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात एएलसीचा (रेडिओ जास्तीचा आवाज किती दाबतोय ते दाखवणारा) काटा जेमतेम हलेल इथेच थांबायचं, पुढे नुसता चिखल पसरतो आणि शेजारच्या स्टेशनचे शाप लागतात. १०० वॉटच्या रेडिओला ४०-५० वॉटवरच ठेवावं, कारण इथे बोलताना मिळते तशी उसंत नसते, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात त्याचा पंखा गरम हवाच गरम अंगावर मारतो. विंडोजचे सगळे टिंगटाँग आधी बंद करा, नाहीतर तुमच्या नोटिफिकेशनचा नाद परदेशी पोचतो. पाठवताना माउस गोठला तर यूएसबी केबलला मिक्स ३१चा फेराइट चिमटा लावा, केबलचे चार-पाच वेढे घेऊन. केबल दुसऱ्या भोकात खोचली की कॉम पोर्टचा नंबर बदलतो, हे तर लॅपटॉपच्या झाकणावर लिहून चिकटवावं.

आणि फोटो पाठवू नका. जोडपत्राची मर्यादा १२० केबी, पण मर्यादा आहे म्हणून ती गाठायची नसते. चार ओळींचा मजकूर दाबून काहीशे बाइट होतो आणि बरा सिग्नल असला तर मिनिटभरात जातो. काकूंचं सकाळचं गुलाबाचं फूल रेडिओवरून पाठवायचं तर शुभ रात्री होईल.

चादरीकडे येतो. उघडं तांबं, ओलं सूत आणि आपलं ऊन, त्यामुळे कापडावर काळपट हिरवी रेघ उमटली. ती माझ्या तारेची, म्हणून भरपाई माझी, असं काकूंचं म्हणणं. आता तिथे पीव्हीसी आवरणाची, घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तार लावलीय. आवरणामुळे ती सूत्रापेक्षा दोन-तीन टक्के आखूड कापावी लागते. टोकांना नायलॉनची दोरी बांधून ती उंच नेली. शेजारी काकूंसाठी स्वखर्चाने दुसरी दोरीही बांधली. ती रिकामीच असते. तिला ऊन कमी लागतं म्हणे.

पण वैताग काकूंचा नाही. वैताग आहे तो प्रत्येक फ्लॅटमधल्या स्वस्त एलईडीचा, चार्जरचा, लिफ्टच्या ड्राइव्हचा. त्यांच्या गोंगाटात ४० मीटर बँड इतका बुडतो की ऐकायला काही उरत नाही. लाईट गेली की सगळी इमारत ‘अरारारा’ करते आणि मी बॅटरीवर रेडिओ लावतो. तेवढाच वेळ बँड स्वच्छ. चेअरमनना एलईडी बदलण्याबद्दल लेखी दिलं, तर म्हणाले, “ओ, विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली इथं २०२३ ला. तुमचा पाइप काय घेऊन बसलाव? तो राहू दिलाय हेच बघा.”

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने माढा-मोहोळात थैमान घातलं, तेव्हा मात्र हेच चेअरमन वर आले होते.

“नेट गेलं तरी तुमचं चालतं म्हणे?”

“चालतं. बॅटरी आणि तार शाबूत पाहिजे.”

“मग वायफायचा पासवर्ड काय?”

हे नेट नव्हे, यावर व्हॉट्सॲप उघडत नाही, सेकंदाला काहीशे बिट कसेबसे जातात, हे सगळं मी सांगितलं. ते मान हलवत उतरून गेले. आता पुढच्या मीटिंगची नोटीस लागलीय. विषय तिसरा: गच्चीवरील तारेचं मासिक भाडं ठरवणे. विषय चौथा: आपत्कालीन संपर्क प्रमुख नेमणे. चौथ्यापुढे कंसात माझा फ्लॅट नंबर आहे, मला न विचारता.