एकाएकी बिघडलं तर आधी लघवी तपासा

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या माणसाला घरी कसं सांभाळावं यावरच्या लेखात दाराला वरची कडी, गळ्यात पत्त्याचं कार्ड, गॅस बंद ठेवणं हे छान आलंय. पण 'अचानक आक्रमक झाले तर शांत ठेवणारी गोळी' एवढ्यावर आटोपलं, ते काही पटलं नाही. स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. दोन दिवसांत माणूस पार बदलला तर बऱ्याचदा कारण वेगळंच असतं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवं औषध. आमच्या सासूबाई रात्रभर पदराला गाठी मारत 'चोर शिरलेत' म्हणायच्या. ताप नव्हता, जळजळ होतेय हे त्यांना सांगता येत नव्हतं. तपासणीत संसर्ग निघाला, अँटिबायोटिकने ताळ्यावर आल्या (म्हणजे पूर्वीच्या विसरभोळेपणावर!). सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. स्मृतिभ्रंशाच्या 'लेवी बॉडी' नावाच्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉलसारखं शांत ठेवणारं औषध जिवावर बेतू शकतं. म्हणून फाईलच्या पहिल्याच पानावर आजाराचा प्रकार आणि चालू औषधं लिहून ठेवा. रात्री दोनला कॅज्युअल्टीत कुणाला काही आठवत नाही. ज्येष्ठांची १४५६७ हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ असते, त्यामुळे रात्रीसाठी १०८ आणि जवळचा एखादा डॉक्टर हाताशी हवाच.