पीटीचा तास परत द्या

आज दुपारी लेकीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आल्यामुळे आठवीचे पीटीचे दोन्ही तास सोमवारपासून गणिताला दिले जातील. त्याखाली लगेच पालकांची रांग लागली. धन्यवाद सर, खूप छान निर्णय, जोडलेले हात, अंगठे. मग मुलं पळणार कधी, हे एकानेही विचारलं नाही. मी विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

दोन महिन्यांनी शिष्यवृत्ती संपेल आणि वार्षिक परीक्षा येईल. मग ऊन आणि सुट्टी. जूनमध्ये मैदानात चिखल असतो, पुढे सहामाही, पुढे गॅदरिंगचा मांडव. दोन महिने दोन महिने करत अख्खं बालपण जातं हो!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पर्वतीवर गेलो होतो. पायऱ्या १०३. माझ्या सासूबाई दर चार-पाच पायऱ्यांना कठड्याला हात लावत, पण न थांबता वर पोचल्या. लेक निम्म्यात बसली. चेहरा पांढराफटक, हात छातीवर. मला म्हणाली, "आई, इथे खूप जोरात धडधडतंय. मला काही झालंय का?"

तेरा वर्षांची धडधाकट मुलगी, आणि स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकून घाबरली. कारण इतक्या जोरात ते तिने याआधी कधी अनुभवलेच नव्हते. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, सगळं नीट निघालं. ते एवढंच म्हणाले, "हिला रोज दमवा."

रोज म्हणजे किती? पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं, धाप लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या शाळेत पस्तीस मिनिटांचे दोन तास, म्हणजे आठवड्याला सत्तर मिनिटं. त्यातली दहा रांगा लावण्यात आणि हजेरीत जातात. आणि आता तेही काढून घेतले.

हृदयविकार हा पन्नाशीतल्या माणसांचा आजार, असं आपण धरून चालतो. पण कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली, तेव्हा विशी-बाविशीतल्या पोरांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही चरबीचे थर सापडले होते. १९५३ पासून डॉक्टरांना हे माहीत आहे. सुरुवात लहानपणीच होते, कळतं चाळिशीत. तुमच्या-माझ्या ओळखीत चाळिशीत ॲन्जिओप्लास्टी झालेला कुणी नाही, असं घर आहे का?

मुलींचं तर विचारूच नका. जगभरात पुरेशी हालचाल न करणारी किशोरवयीन मुलं ८० टक्क्यांहून जास्त आहेत आणि त्यात मुलींचं प्रमाण अधिक आहे. ते का, हे मी लेकीच्या शाळेतच पाहिलंय. पीटीच्या तासाला मुलगे क्रिकेटसाठी सगळं मैदान अडवतात आणि मुली पायरीवर बसून एकमेकींच्या वेण्या घालतात. पाळी सुरू झाली की "आज नको" चालू होतं, कारण कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृहात पाणी नाही. आणि घरी आपणच म्हणतो, मोठी झालीस, आता उड्या काय मारतेस. मग ती पर्वतीच्या निम्म्या वाटेवर छातीवर हात ठेवून बसते, तेव्हा आपल्याला धक्का का बसावा?

पीटीच्या सरांबद्दल मात्र माझ्या मनात माया आहे. अख्ख्या शाळेला एकच माणूस. मिरवणूक आली की तेच, पाहुणे आले की तेच, कुठले शिक्षक रजेवर असले की त्या वर्गावर तेच. गेल्या वर्षी त्यांनी मुलींना खो-खो शिकवायला घेतला होता. लेक घरी येऊन खांब, पाटी, खो असं काय काय सांगायची. गुडघे फुटलेले, तोंड लाल, आणि जेवायला दोन पोळ्या जास्त. एका सत्रानंतर तेही बंद पडलं. सरांना दुसरं काम लागलं.

हे कुठल्या गावात चाललंय? ज्या पुण्यात खो-खोचे नियम लिहिले गेले, त्या पुण्यात! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनीही जिंकला, महिलांनीही. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा याच ग्रुपवर अभिमानाचे फोटो फिरले होते. आज तेच पालक पीटीचा तास गेला म्हणून धन्यवाद देताहेत. मला राग येतोय, आणि मी तो लपवणार नाही.

शाळेवर निकालाचं ओझं असतं, मान्य. शिष्यवृत्ती महत्त्वाची आहे, तेही मान्य. काही जण म्हणतील, संध्याकाळी क्लास लावा, फुटबॉल अकॅडमी आहे, स्केटिंग आहे. ज्यांना परवडतं त्यांनी लावावा. पण माझ्या लेकीच्या बाकावर जी मुलगी बसते, तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिला शाळेचं मैदान हेच एक मैदान आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचं मैदान सांगितलंय ते याच मुलांसाठी. तिथे मुलांना सोडणारच नसाल तर त्या मैदानाचा उपयोग काय?

लेक आत्ता शेजारी बसून विचारतेय, "आई, सोमवारी पीटीचे बूट घालू की नको?" मी सांगितलंय, घाल.

शनिवारी साडेदहाला पालकसभा आहे. मी लेखी अर्ज देणार आहे: पीटीचे तास परत द्या, आठवड्यातून एकदा तरी मैदान फक्त मुलींसाठी ठेवा, आणि खो-खो पुन्हा सुरू करा. गणिताच्या जादा तासाला मुलांना अर्धा तास लवकर आणायची माझी तयारी आहे, जवळच्या दोन-तीन मुलांना मी सोबत घेऊन येईन. आठवी ब मधले जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी अर्जावर सही करायची असेल तर मला मेसेज करा. ग्रुपवर लिहायला संकोच वाटत असेल तर वैयक्तिक करा. आणि इतर शाळांतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या मुलांना आज रात्री विचारा, या आठवड्यात शाळेत घाम कधी आला होता. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.