‘हर्पीस म्हणजे बाहेर संबंध’: व्हॉट्सॲपवरच्या दाव्यांना उत्तर

सध्या फिरणाऱ्या मेसेजचा आशय असा: जननांगावर हर्पीसचे (संबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूच्या आजाराचे) फोड आले म्हणजे बाईचे बाहेर संबंध आहेत, आयजीएम या रक्ततपासणीत लागण कधीची ते कळतं, फोड नसतील तर संसर्गाची भीती नाही, आणि अशा बाईने मूल होऊ देऊ नये.

‘बाहेर संबंध’. जोडीदार वाढले की धोका वाढतो, एवढंच यात खरं. अमेरिकेच्या 2005–08 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात दहा किंवा जास्त जोडीदार असलेल्यांपैकी 26.7 टक्के लोकांच्या रक्तात एचएसव्ही-2 ची, म्हणजे जननांगावर हर्पीस आणणाऱ्या विषाणूची, प्रतिपिंडं (लागण झाल्याची खूण) सापडली. पण एकच जोडीदार असलेल्यांतही ती 3.9 टक्क्यांना होती. एकनिष्ठ बाईला तिच्या जोडीदाराची जुनी लागण मिळू शकते, आणि बहुतेकदा त्यालाही ती माहीत नसते: लागण झालेल्यांपैकी 81 टक्के लोकांना डॉक्टरांनी तसं निदान कधी सांगितलंच नव्हतं. त्याच सर्वेक्षणात बायकांमधलं प्रमाण 20.9 टक्के, पुरुषांमधलं 11.5. कारण शरीररचनेत आहे. योनीची ओली, नाजूक त्वचा संबंधात जास्त उघडी पडते, त्यामुळे पुरुषाकडून बाईकडे विषाणू सहज जातो. शिवाय ओठांवर फोड आणणारा एचएसव्ही-1 मुखमैथुनातून जननांगावर येतो, आणि तो बऱ्याच जणांना लहानपणीच कुणाच्या तरी पापीतून लागलेला असतो. लागण होऊन पहिले फोड दिसेपर्यंत वर्षंही जाऊ शकतात. फोडांवरून तारीख काढून भांडण मांडणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

आयजीएम तपासणीचा आधार तर त्याहून कच्चा. आयजीएम म्हणजे लागणीनंतर आधी तयार होणारं प्रतिपिंड; पण जुना आजार उलटला तरी ते वाढतं, आणि ते विषाणूचे दोन प्रकार नीट वेगळे करत नाही. आयजीजी (नंतर तयार होऊन टिकणारं प्रतिपिंड) चाचणीत लागण दिसायला 12 आठवडेही लागतात. एचएसव्ही-2 चं मूल्य 3 च्या खाली, जेमतेम पॉझिटिव्ह आलं तर ते अनेकदा चुकीचं निघतं, म्हणून दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. एचएसव्ही-1 चं आयजीजी संसर्ग ओठाचा की जननांगाचा हे सांगतच नाही. फोड असेल तर तो ताजा असतानाच तळातून स्वॅब घेऊन पीसीआर (विषाणू थेट शोधणारी तपासणी) करावी. खपली धरली की विषाणू हाती लागणं अवघड होतं. त्याआधी मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉईडचं मलम चोपडू नये. त्याने जखम चिघळते. सरकारी रुग्णालयातल्या लैंगिक आजारांसाठीच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये यासाठी लाल किट, म्हणजे ॲसायक्लोविर 400 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 7 दिवस, मोफत मिळतं. विषाणू शरीरातून जात नाही, पण हा झटका आटोक्यात येतो.

‘फोड नाहीत तर भीती नाही’ हेही खोटं. कधीच लक्षणं न आलेल्या एचएसव्ही-2 बाधितांच्या जननांगातून सुमारे 10 टक्के दिवस विषाणू बाहेर पडत होता, असं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं. निरोधने धोका घटतो, संपत नाही.

मूल होऊ देऊ नये? जुनी लागण असलेल्या आईकडून बाळंतपणात बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 1 टक्क्याहून कमी असते. खरा धोका शेवटच्या तिमाहीत नव्याने लागण झाली तर. तेव्हा तो 30 ते 50 टक्क्यांवर जातो. म्हणून नवऱ्याला हर्पीस असेल आणि बायकोला नसेल, तर त्या महिन्यांत संबंध टाळावेत, मुखमैथुनही. आधीपासून त्रास होत असलेल्या बाईला डॉक्टर 36व्या आठवड्यापासून ॲसायक्लोविर देतात. कळा सुरू होताना फोड किंवा त्याआधीची मुंग्या-जळजळ असेल तर सिझेरियन करतात.