हलका पाय

परवा गॅरेजमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी चारचौघांसमोर जाहीर केले की माझा पाय हलका आहे. माझ्या पिकअपमधील बहुतेक सर्व भागांवर गेल्या वर्षभरात कधी ना कधी संशय घेऊन झाला होता. पण निदान माझा पाय तरी निर्दोष आहे, अशी माझी तोपर्यंत समजूत होती.

दुखणे थोडक्यात असे. पहिल्यांदा ब्रेक दाबला की पॅडल पार तळाशी जाते आणि गाडी जणू ऐकूच आले नाही अशी पुढे जात राहते. लगेच दुसऱ्यांदा दाबला की तेच पॅडल वर आणि घट्ट लागते आणि गाडी शहाण्यासारखी थांबते. मेकॅनिककडे न्यावे, त्याने काहीतरी बदलावे, तीन-चार आठवडे सुखाचे जावेत आणि मग एखाद्या चौकात पॅडलने पुन्हा तळ गाठावा, हा आमचा क्रम ठरून गेला आहे. पॅडलचा जोर तेलावर देणारा मास्टर सिलिंडर बदलून झाला, तो जोर चाकापाशी घेणारे मागचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक लावताना घासले जाणारे लायनर बदलून झाले, ब्रेक ऑइल तर दोनदा बदलले. प्रत्येक वेळी मेकॅनिक काढलेला भाग माझ्या नाकासमोर धरून, "साहेब, हा गेलाच होता," असे सांगतो, आणि मी मयताच्या दूरच्या नातेवाइकासारखी मान हलवतो. हे सारे अवशेष मी एका खोक्यात घालून सीटखाली ठेवले आहेत. का ठेवले आहेत, ते मला सांगता येणार नाही.

परवाच्या चौथ्या फेरीत निदान निघाले की लायनीत, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत, हवा आहे. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडे आवळण्यातच खर्ची पडतो. हे मलाही पटण्यासारखे होते. हवा काढायला दोन माणसे लागतात. मेकॅनिकच्या हाताखालचा मुलगा आला नव्हता, त्यामुळे पॅडलवर मीच बसलो. यातला नियम एकच: एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निप्पल सैल करून बुडबुड्यांसकट तेल नळीवाटे बाटलीत सोडायचे आणि निप्पल पुन्हा आवळून होईपर्यंत पॅडलवरचा पाय काढायचा नाही. आधी काढला तर गेलेली हवा त्याच वाटेने परत आत येते.

मेकॅनिक मागच्या चाकापाशी आडवा झाला होता आणि त्याचा आवाज माझ्यापर्यंत नीट पोहोचत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी ते गृहस्थ पुढे आले. त्यांच्या स्कूटरचे पंक्चर काढणे चालू होते आणि डोक्यावरचे हेल्मेट काढण्याची त्यांना गरज वाटलेली नव्हती. माझ्या उघड्या दारात उभे राहून त्यांनी दुभाष्याचे काम हाती घेतले.

खालून आवाज आला, "धरा!"

"धरा," गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी मनातल्या मनात काही अंक मोजले असावेत. "झालं, सोडा."

मी सोडला.

"कोणी सोडला?" खालून ओरडा आला.

"साहेबांनी," गृहस्थांनी तत्परतेने कळवले.

हा प्रकार तीनदा झाला. चौथ्या वेळी त्यांनी वाकून माझ्या बुटाकडे बराच वेळ पाहिले आणि अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, "तुमचा पाय हलका आहे. राग मानू नका. ब्रेक मारताना तुमच्या मनात शंका असते, ती पायात उतरते. गाडीला सगळं कळतं."

"पहिल्यांदा दाबल्यावर ब्रेक लागत नाही, म्हणून शंका येते," मी म्हणालो.

"शंका येते म्हणून पहिल्यांदा लागत नाही," ते म्हणाले. "आणि तुमचं तेलही थकलंय."

तेल थकत नाही. ते हवेतला ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी तीच अट १४० अंशांवर येते, आणि घाटात तापलेल्या चाकाशी तेल उकळून वाफ झाली की पॅडल फुसके पडते. हे सगळे मला त्यांना ऐकवायचे होते. परंतु ज्याचा पाय दुसऱ्याच्या हुकमावर खालीवर होत आहे, त्याला वादात तोंड वर करता येत नाही.

तेवढ्यात त्यांना गाडी हलल्यासारखी वाटली. चाकांना दगड लावलेले होते आणि गाडी तसूभरही हलली नव्हती. पण मला न विचारता ते माझ्या अंगावरून आत वाकले, त्यांचे हेल्मेट माझ्या हनुवटीवर आदळले आणि त्यांनी हँडब्रेक कचकन ओढला. पुढच्या खेपेला मी पॅडल दाबले तर ते पहिल्याच दाबात वर आणि घट्ट लागले.

मी मेकॅनिकला हाक मारली. त्याने हँडब्रेक सोडून पॅडल दाबले, ते तळाशी गेले. ओढून दाबले, ते वर आले. असे पाच-सहा वेळा करून तो गप्प झाला. हँडब्रेक मागचे लायनर ड्रमजवळ, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या डब्याला ते आतून घासतात त्याच्याजवळ, नेऊन ठेवतो. त्याने पॅडल वर येत असेल तर दोष हवेत नाही, लायनर आणि ड्रम यांमधल्या फटीत आहे; पहिला दाब ती फट भरण्यातच संपतो. ड्रम उघडला तेव्हा ही फट आपोआप कमी करत राहणाऱ्या ॲडजस्टरचे दातेरी चाक गंजून जागच्या जागी बसलेले दिसले. दर वेळी काम संपताना मेकॅनिक पक्कड लावून ते जबरदस्तीने दोन-चार दाते फिरवत असे, त्यामुळे पॅडल वर येई आणि श्रेय नव्या भागाला जाई. मग लायनर झिजत, फट वाढे, आणि मी पुन्हा दारात हजर.

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आणि फुकटची आहे. ती वर्षभर कोणाला सुचली नाही, आणि सुचली तीही चुकून, याचा मला खरोखर राग आला होता. मास्टर सिलिंडर उगाच बदलला ना, असे मी विचारले, तर मेकॅनिक म्हणाला, "साहेब, जुना होताच. कधीतरी गेलाच असता." या न्यायाने मलाही बदलून टाकता येईल.

गृहस्थांची स्कूटर तयार झाली होती. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटले आणि म्हणाले, "बघा, आता कसा पायात जोर आला."

नवा ॲडजस्टर बसवून मी निघालो. पहिल्याच सिग्नलला वर्षभराच्या सवयीने, दुसरा दाब मारायच्या तयारीने, पॅडल जोरात दाबले. दुसऱ्याची वेळच आली नाही. गाडी गचकन थांबली, सीटखालचे खोके सरकून उलटे झाले आणि त्यातला तो धडधाकट मास्टर सिलिंडर गडगडत येऊन माझ्या टाचेला लागला.